त्या सकाळच्या कांड्या

बागबाजारच्या भाजीबाजारात कुमुदताईंबरोबर जायचं म्हणजे हमालीची तयारी ठेवूनच जायचं. कुणी "दीदी" म्हणून हाक मारली की त्या वळायच्या. नुसत्या वळायच्या नाहीत, हातातलं तसंच टाकून त्या माणसाकडे चालायला लागायच्या. आता कोलकात्यात बाईमाणसाला दीदी न म्हणणारा भाजीवाला कुठून आणायचा? रिक्षावाला दीदी म्हणतो, कंडक्टर दीदी म्हणतो, वाट अडवून उभा राहिलेला लॉटरीवालासुद्धा दीदीच म्हणतो. त्यामुळे बाजाराच्या एका फेरीत ताईंच्या पिशवीत तीन फ्लॉवर, त्या कधीच खात नसत ती कारली, लिंबांचे दोन वाटे, आणि एकदा तर देव्हाऱ्यात जागा नसताना कमळांची अख्खी जुडी. घरात माणूस एक.

"ताई, एवढं खाणार कोण?" मी वैतागून विचारायची.

"अगं, त्यानं हाक मारली ना," त्या म्हणायच्या. जणू यापुढे विचारण्यासारखं काही उरतच नाही.

मला वाटायचं, बाई भिडस्त आहे. भिडस्त माणसांचा मला मनापासून राग येतो, कारण त्यांच्या पिशव्या शेवटी दुसऱ्यालाच उचलाव्या लागतात. पण ताई कामात मुळीच भिडस्त नव्हत्या. तिथे त्यांची जीभ सुरीसारखी चालायची. मग बाजारातच काय होतं, हे कोडं मी बरेच दिवस बाळगून होते.

डॉ. कुमुद आपटे आमच्या वीर्यकेंद्रात प्रयोगशाळेच्या प्रमुख होत्या. जन्म कोलकात्याचा. आजोबा नोकरीसाठी आले ते इथलेच होऊन गेले. ताईंचं मराठी घरात शिकलेलं, त्यामुळे स्वच्छ पण जरा जुनं. "अंमळ थांब", "बरीक खरं आहे" असं त्या सहज बोलायच्या आणि मी परभणीची, मला हसू आवरायचं नाही. पूर्वी मराठी स्वारांना अडवायला जो खंदक खणला त्याच्याच तोंडाशी यांचं घर, म्हणून शेजारचे बंगाली त्यांना प्रेमानं "बर्गी" म्हणून चिडवायचे; बर्गी म्हणजे लुटीला आलेला मराठी स्वार. त्यावर त्या म्हणायच्या, "आम्ही आत आलो की तुम्ही खंदक बुजवलात, याला कोण काय करणार?"

माझा नवरा फौजेत. त्याची बदली फोर्ट विल्यमला झाली आणि मी, पशुवैद्यकाची पदवी घेऊन घरी भाज्या निवडत बसणारी, शोधता शोधता न्यू टाउनच्या पलीकडच्या या केंद्रात कंत्राटी नोकरीला लागले. काम काय, तर जातिवंत वळूंचं वीर्य गोळा करायचं, तपासायचं, बारीक कांड्यांत भरायचं आणि गोठवून ठेवायचं. मग त्या कांड्या गावोगावी जातात आणि गाई गाभण राहतात. सासूबाईंनी फोनवर "नक्की करतेस तरी काय?" असं दोनदा विचारलं. मी दोनदा खरं सांगितलं. त्यानंतर त्यांनी सगळ्या नातेवाइकांना "सून डेअरीत आहे" असं कळवून विषय मिटवला.

पहिल्या दिवशी ताईंनी माझं नाव विचारलं नाही, हात मागितले. माझे दोन्ही तळवे आपल्या हातांत घेऊन म्हणाल्या, "हे बर्फ आहेत. जा, गरम पाण्यात धर आणि मग ये." ताज्या वीर्याला गारठा सोसत नाही. गार काच लागली तरी त्यातले जीव धक्क्यानं मरतात. म्हणून ताई नळ्या ऊबवायच्या, काचपट्ट्या ऊबवायच्या, काम सुरू करण्याआधी स्वतःचे हात काखेत दाबून उभ्या राहायच्या. ही सवय इतकी अंगात मुरली होती की घरी चहा देतानासुद्धा आधी कपात गरम पाणी ओतून ठेवायच्या. त्यांच्या घरी कुठलीही वस्तू गार अशी हाताला लागायची नाही. एकट्या बाईचं घर असूनही आताच कुणीतरी उठून गेलंय असं वाटायचं.

मला "मॅडम" म्हणू द्यायच्या नाहीत. केंद्रात सगळे त्यांना दीदी म्हणत, पण प्रयोगशाळेच्या दाराच्या आत आलं की तो शब्द बंद. आत डॉक्टर म्हणायचं. "तू ताई म्हण," त्यांनी मला सांगितलं. "दीदी नको." मी आपली ताई म्हणायला लागले. मराठी माणूस भेटल्याचा आनंद असेल, असं मी धरून चालले.

शिकवायच्या मात्र छान. गोठवलेल्या कांड्या द्रव नायट्रोजनच्या कंटेनरमध्ये बुडवून ठेवतात, उणे एकशे शहाण्णवला. आतली डबी वर घेताना ती कंटेनरच्या मानेच्या खालीच राहिली पाहिजे. मानेच्या वर आली की बाहेरची हवा लागते, कांड्या आतून सुटतात आणि परत बुडवल्या की पुन्हा गोठतात. त्या मेलेल्या असतात. सुरुवातीलाच मी नंबर नीट वाचता यावा म्हणून डबी चांगली वर धरली आणि चष्मा पुसत बसले. ताईंनी माझ्या हातातून डबी घेतली आणि सगळीच्या सगळी बाजूला काढली.

"पण ताई, यांना काहीच झालेलं नाही," मी म्हणाले.

"दिसायला तशाच राहतात. जिवंत कांडी आणि मेलेली कांडी शेजारी ठेव, तुला ओळखता येणार नाही. मलाही नाही. कळायला एकच उपाय, वितळवून बघायची. आणि वितळवली की ती संपली." एवढं बोलून त्या हात काखेत दाबून उभ्या राहिल्या. त्या दिवशी मी घरी येऊन नवऱ्याला म्हणाले, ही बाई भुतासारखी बोलते.

आता कोड्याचा दुसरा भाग. वळूचं वीर्य आलं की पहिली काही मिनिटं फार नाजूक असतात. ते कोमट पाण्यात ठेवून, तपासून, लगोलग त्यात अंड्याच्या बलकाचं द्रावण मिसळावं लागतं. तेवढ्या वेळात प्रयोगशाळेचं दार उघडायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही, असा नियम ताईंनीच मला पहिल्या आठवड्यात घोकून घेतला होता. आणि दुसऱ्याच आठवड्यात बाहेर अंगणात कुणीतरी शेणावर घसरलं, "ए बाबा!" म्हणून ओरडलं, तर ताई हातातली नळी रॅकमध्ये टाकून, दार सताड उघडं ठेवून धावत सुटल्या. घसरलेला गडी हसत उभा होता. आत येईतो नळीचं मातेरं झालं होतं.

"गेलं तर गेलं," ताई म्हणाल्या. त्यांना दम लागला होता.

असं पुन्हा पुन्हा व्हायचं. वळू जोरात हंबरला, फाटक आपटलं, कुणी मोठ्यानं खोकलं, की ताई बाहेर. प्रयोगशाळेला अंगणाकडे एक भलीमोठी काचेची खिडकी होती, तीही त्यांनीच पाडून घेतलेली. वीर्याला ऊन वर्ज्य, म्हणून जगातल्या सगळ्या अशा खोल्या अंधाऱ्या असतात, आणि आमच्या खोलीत मात्र सकाळी नुसता लखलखाट. आम्ही सूक्ष्मदर्शक ओढत ओढत कोपऱ्यात नेऊन काम करायचो. मी कुरकुर केली तर म्हणायच्या, "अंगण दिसलं पाहिजे."

भांडाराचे बिमलबाबू केंद्रात सगळ्यांत जुने. ते एकदा मला म्हणाले, "तुम्ही आधीची आपटेदी बघायला हवी होती. दिल्लीहून मोठे साहेब आले होते. दार वाजवून वाजवून दमले. दीदीनं आतून कडी काढली नाही. काम संपेपर्यंत साहेब उन्हात, वळूंच्या घोळक्यात उभे. दीदी म्हणायची, बाहेर आग लागली तरी आधी नळी."

"मग आता काय झालं?"

बिमलबाबूंनी किल्ल्यांचा जुडगा या हातातून त्या हातात घेतला. "निताई गेला," ते म्हणाले. आणि भांडाराकडे वळले.

निताई कोण हे मला माहीत होतं, कारण त्याची बायको रोज माझ्या डोळ्यांसमोर असायची. संध्या. वैरणीच्या गोठ्यावर काम करायची. निताई वळू सांभाळायचा. माणिक नावाच्या साहिवाल वळूनं त्याला गव्हाणीच्या भिंतीशी दाबलं आणि तो गेला. त्याच्या जागी हिला काम मिळालं. याला बारा-एक वर्षं झाली होती. माणिकलाही कुणी पुन्हा कामाला काढलं नाही. शेवटच्या गोठ्यात तो एकटाच बांधून होता आणि म्हातारा होऊन मेला. बिमलबाबू सांगायचे, दीदी रोज जाऊन त्याच्यासमोर थोडा वेळ उभी राहायची. काही बोलायची नाही, काही द्यायची नाही.

संध्या आणि ताई दुपारी शिरीषाच्या झाडाखाली एकत्र जेवायला बसायच्या. संध्याचे मोहरीचं तेल घातलेले कुरमुरे आणि हिरवी मिरची, ताईंची गूळतूप लावलेली पोळीची गुंडाळी. दोघी फार बोलायच्या नाहीत. संध्या ताईंचे पिकलेले केस उपटून द्यायची, ताई डोकं तिच्या गुडघ्यावर टेकून डोळे मिटायच्या. ताईंना या शहरात, खरं तर या जगात, तेवढं एकच माणूस होतं. माझ्या हातून गरम पाण्याचा कप घेताना त्या कधी हसल्या नाहीत, तिच्या कुरमुऱ्यांच्या पुडीकडे बघून हसायच्या. मला थोडा हेवाच वाटायचा.

मग केंद्र हलवायचं ठरलं. न्यू टाउनच्या कंपन्यांच्या इमारती आमच्या कुंपणापर्यंत येऊन ठेपल्या होत्या. वळू बिचकायचे, जमीन सरकारला हवी होती. सगळं दुसऱ्या जिल्ह्यात जाणार. ताईंची निवृत्ती तोंडावर आलेली. जुना साठा तपासायचा, चांगला तेवढा न्यायचा, बाकीचा फेकायचा, हे काम माझ्याकडे आलं.

भांडाराच्या कोपऱ्यात एक जुना, पोचे पडलेला कंटेनर होता. त्यात ताई स्वतः नायट्रोजन ओतायच्या, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. मी झाकण काढलं. आत एकच डबी होती, मूठभर कांड्यांची.

"त्यातली नको," मागून ताई म्हणाल्या.

"ताई, एक वितळवून बघू. मेल्या असतील तर इतकी वर्षं नायट्रोजन ओततोय कशाला आपण?"

"म्हणूनच नको."

मी हट्टी आहे. मी डबी सोडली नाही. तेव्हा ताईंनी ती माझ्या हातून सोडवून खाली बुडवली, झाकण जागच्या जागी बसवलं, आणि त्या जुन्या कंटेनरवरच बसल्या. एरवी दुसऱ्या कुणाला बसू दिलं नसतं.

"सरस्वतीपूजा होती," त्या म्हणाल्या. "अर्धे लोक सुट्टीवर. निताई आणि मी, दोघंच. तेव्हा मोठी खिडकी नव्हती, एक छोटं दार होतं भिंतीत, त्यातून तो नळी द्यायचा. दीदी, धरो, म्हणायचा. त्या दिवशीही दिली. माणिकची. इतकी सुरेख नळी मी वर्षानुवर्षं पाहिली नव्हती. मी द्रावण घालायला घेतलं. बाहेर फाटक वाजलं. आणि तो ओरडला, दीदी."

"नेहमीचीच हाक वाटली असेल तुम्हाला."

"नाही." ताईंनी माझ्याकडे पाहिलं. "मला कळलं होतं. तो आवाज वेगळा होता, अश्विनी. मला कळलं, आणि माझे हात चालू राहिले. मी मनात म्हटलं, अंमळ थांब, एवढं पुरं करते. पुरं केलं. नळी फ्रिजमध्ये नीट ठेवली. मग गेले. माणिक बाजूला उभा होता, अगदी शहाण्यासारखा. निताई खाली."

मी विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले?"

"लगेच आणलं असतं तरी सांगता येत नाही म्हणाले. सांगता येत नाही म्हणजे काय गं? वाचला असता की नसता?"

बाहेर कुणीतरी वैरण कापत होतं. तो यंत्राचा आवाज थांबेपर्यंत ताई हात काखेत दाबून बसल्या.

"आणि या?" मी कंटेनरकडे बोट दाखवलं.

"हॉस्पिटलमधून मी परत आले. गोठवायची वेळ झाली होती. आले आणि गोठवल्या. टाकून दिल्या असत्या, तर मग मी थांबले कशासाठी होते?"

हे वाक्य त्यांनी इतक्या साध्या आवाजात म्हटलं की मला त्यांची भीती वाटली. हो, भीतीच. रोज ऊबदार हातांनी माझे हात धरणारी ही बाई, मयताच्या दिवशी परत येऊन कांड्या गोठवत बसली होती. आणि पुढच्याच क्षणी मला त्यांची इतकी दया आली की मी जाऊन त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले. बाजारातले फ्लॉवर आणि कारली आठवली. इतकी वर्षं ही बाई प्रत्येक हाकेला धावते आहे, एका हाकेला उशीर झाला म्हणून.

"संध्याला ठाऊक आहे?"

"संध्याला मी सांगितलं, त्याच्या तोंडून आवाजसुद्धा निघाला नाही. फाटक वाजलं म्हणून मी धावले, तोवर संपलं होतं." ताई उठल्या. "तिला जर कळलं, तर माझं कुणी उरणार नाही."

कदाचित त्या हे तसंच बरोबर घेऊन निवृत्त झाल्या असत्या. पण दोनच दिवसांनी संध्या प्रयोगशाळेच्या दारात आली. आत यायची नाही एरवी. हात पदराला पुसत म्हणाली, "दीदी, केंद्र जाणार. मी काही त्या जिल्ह्यात जात नाही. बिमलबाबू म्हणतात, माझ्या नवऱ्याच्या हातची शेवटची नळी तुम्ही अजून ठेवली आहे. त्यातली एक कांडी मला द्याल? माझी गाय माजावर येते आहे."

मी म्हणाले, "संध्या, त्या वळूनं तुझ्या नवऱ्याला—"

"माणिकला त्यांनी बाटलीनं दूध पाजलं होतं," ती म्हणाली. "त्यांच्या हातचं दुसरं काय उरलंय माझ्याकडे?"

नियमात ती कांडी देणं बसत नव्हतं, माणूस मारलेल्या वळूची वंशावळ पुढे चालवत नाहीत. पण ताईंच्या चेहऱ्यावर नियमाबियमाचं काही नव्हतं. त्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. "उद्या ये," एवढंच म्हणाल्या. संध्या गेल्यावर मला म्हणाल्या, "द्यायची तर सांगूनच द्यायची. तू इथे थांब उद्या. मी मधेच पळाले तर धर मला."

दुसऱ्या दिवशी त्यांनी संध्याला आत बोलावलं, स्टुलावर बसवलं आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. बंगालीत, पाठ केल्यासारखं, एकदाही न थांबता. माझं बंगाली बाजारापुरतं, तरी मला प्रत्येक शब्द कळला. काही पळाल्या नाहीत त्या.

संपल्यावर संध्या म्हणाली, "हाक मारली होती त्यांनी?"

"हो."

"एकदाच?"

ताईंनी सूक्ष्मदर्शकाच्या टेबलाची कड धरली. "दोनदा," त्या म्हणाल्या.

मला त्यांनी एकदाच सांगितली होती. दुसरी हाक त्यांनी बहुधा स्वतःलाही आजवर सांगितली नव्हती.

संध्यानं स्वतःच्या तळव्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "तुम्हीच मला सांगितलं, आवाजसुद्धा निघाला नाही. तेवढ्यावर मी इतकी वर्षं झोपत होते." ती रडली नाही, तिचा आवाज चढला नाही. ती आरडाओरडा करील, ताईंना काही फेकून मारील, म्हणून मी तयारीत होते. मला तेच बरं वाटलं असतं. ती उठून उभी राहिली. "कांडी द्या."

"आधी जिवंत आहे का बघू," मी म्हणाले, कारण कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं.

मी एक कांडी काढली. कोमट पाण्यात धरली, पुसली, टोक कापलं. ऊबवलेल्या काचपट्टीवर थेंब घेतला. डोळा लावताना माझ्या मनात काय होतं ते मला आजही नीट सांगता येत नाही. मेलेल्या असाव्यात असं वाटत होतं की जिवंत? भिंग फिरवलं, चित्र स्पष्ट झालं. सगळीकडे चळवळ होती. इतकी वर्षं उणे एकशे शहाण्णवला बसून ते जीव सरळ रेषेत, घाईघाईनं, कुठेतरी पोहोचायचं असल्यासारखे पळत होते.

ताईंनी पाहिलं आणि त्या भिंगापासून मागे सरकल्या. "मेल्या असत्या तर बरं झालं असतं," त्या मराठीत म्हणाल्या, फक्त मला. मग संध्यानं वाकून डोळा लावला. तिनं कितीतरी वेळ पाहिलं. थेंब सुकून त्यांची हालचाल मंदावेपर्यंत, थांबेपर्यंत ती बघतच राहिली.

गाय माजावर आल्यावर आम्ही तिच्या गावी गेलो. उंच काचेच्या इमारतींच्या मागे तळं, तळ्याच्या कडेला केळी, पत्र्याचा गोठा. ताईंनी कित्येक वर्षांत गाईला हात लावला नव्हता, पण कुणाला करू दिलं नाही. खांद्यापर्यंतचा प्लॅस्टिकचा मोजा चढवला, कांडी वितळवून नळीत घातली, ती ब्लाऊजच्या आत छातीशी ऊबेला धरली आणि काम केलं. संध्या गाईची मान धरून उभी होती. दोघींच्या मधे अख्खी गाय होती आणि दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या.

ताई हात धूत असताना संध्या म्हणाली, "वासरू झालं तर तुम्ही बघायला यायचं नाही."

"बरं," ताई म्हणाल्या.

दुपारी शिरीषाखाली त्यानंतर कुणीच बसलं नाही. शेवटच्या आठवड्यात ताईंनी तो पोचे पडलेला कंटेनर अंगणात आणला, एकटीनंच, आणि आडवा केला. पांढरी वाफ जमिनीवरून वळूंच्या पायांपर्यंत गेली, ते बिचकून मागे सरकले. उरलेल्या कांड्या फरशीवर पसरल्या. ऊन चांगलं होतं. त्या दिसायला तशाच राहिल्या. बिमलबाबूंनी झाडू आणला तर ताई म्हणाल्या, "असू दे अंमळ." त्या तिथेच उभ्या राहिल्या, मग हातानंच एकेक कांडी वेचून घेतली.

पुढे केंद्र गेलं, ताई निवृत्त झाल्या. मी बागबाजारला दोन-तीनदा गेले. कपात आधी गरम पाणी ओतणं चालूच होतं. संध्याचं नाव आम्ही काढलं नाही. पुढच्या वर्षी आमच्या बदलीचा हुकूम आला, आणि सामान पाठवून नवरा आधी निघून गेला. माझं विमान दुपारचं होतं. मी टॅक्सीवाल्याला न्यू टाउनवरून घ्यायला सांगितलं, म्हटलं वाटेत संध्याला भेटावं. नऊ-दहा महिने होऊन गेले होते. वासराचं काय झालं ते मला कुणी कळवलं नव्हतं.

गावाच्या गल्लीच्या तोंडाशी ताई उभ्या होत्या. हातात छत्री, पायात बाजारातल्याच चपला. गल्लीकडे तोंड करून, एक पाऊलही आत न टाकता. बागबाजारहून इथे यायला दोन बस बदलाव्या लागतात.

"ताई, इथे काय करताय?"

दचकल्या, पण लपवलं नाही. "तिनं येऊ नको म्हटलंय," त्या म्हणाल्या. "मी आत जात नाही. तू चालली आहेस का? मग बघून ये. उभं राहून पितं का, तेवढं सांग मला."

मी आत गेले. संध्या दारात डाळ पाखडत होती. गोठ्यात गाईच्या कासेला तोंड लावून तांबूस रंगाचं वासरू उभं होतं, कालवड, ओल्या नाकाची, कानांत ऊन शिरलेलं. रंग थेट माणिकचा, बिमलबाबूंकडच्या फोटोत पाहिला होता तसा. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. ती थरथरली आणि परत प्यायला लागली.

"त्या उभ्या आहेत बाहेर?" संध्यानं मान वर न करता विचारलं.

"हो."

"रोज येतात. बसमधून उतरतात, उभ्या राहतात, जातात." ती सूप खाली ठेवून माझ्याजवळ आली. "त्यांना सांगा, गाय गाभण राहिली नाही. वासरू झालंच नाही म्हणावं. म्हणजे यायच्या बंद होतील."

"संध्या, असं कसं सांगू मी?"

"मला त्यांनी सांगितलं होतं ना?" ती म्हणाली. "मग तुम्हीही सांगा."

ती वासराला कासेपासून ओढून मागच्या खुंटीला बांधायला लागली. मी बाहेर आले. गल्ली लहान, तरी मला ती संपू नये असं वाटत होतं. ताईंनी छत्री मिटली होती आणि दोन्ही हात काखेत दाबून माझी वाट बघत होत्या.

"ताई," मी म्हणाले, "ती म्हणते, गाय गाभण राहिलीच नाही."

माझं वाक्य पुरं होतंय तोच आतून वासरू हंबरलं. आईपासून तोडलेलं वासरू हंबरतं तसं, उंच, चिरका सूर काढून. पुन्हा हंबरलं. ताईंचा चेहरा उजळला आणि मी पाहिलं, त्यांचा उजवा पाय गल्लीत पडला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली मान घातली.

"तिनं तसं सांगितलंय का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग तसंच असेल," त्या म्हणाल्या, आणि तो पाय त्यांनी मागे घेतला. "जा तू. विमान चुकेल."

त्या वळून बस स्टॉपकडे चालायला लागल्या. वासरू ओरडतच होतं.